उत्प्रेरक हाताने शिकावा लागतो

१९१४च्या ऑगस्टमध्ये युरोपात युद्ध पेटले आणि अमेरिकेतील रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांपुढे एक अगदी घरगुती स्वरूपाची अडचण उभी राहिली: कपाटातील बाटल्या रिकाम्या होऊ लागल्या. शुद्ध सेंद्रिय रसायने तोवर जर्मनीतून येत असत. किंमत भरली की बाटली मिळे, त्यामुळे ती स्वतः बनवण्याची गरज कुणाला भासली नव्हती. जर्मन माल थांबला, तेव्हा सर्वांना एकच गोष्ट कळून चुकली. पुस्तकांत कृती होत्या, पण त्या कृतींवरून पदार्थ तयार करू शकणारे हात देशात फार थोडे होते.

इलिनॉय विद्यापीठात या अडचणीवर एक साधा उपाय निघाला. क्लॅरेन्स डेरिक या प्राध्यापकांनी उन्हाळी सुट्टीत विद्यार्थ्यांना प्रयोगशाळेत कामाला लावून लागणारी रसायने तिथेच बनवून घ्यायला सुरुवात केली. १९१६ मध्ये तिथे आलेल्या रॉजर ॲडम्स यांनी हा उद्योग हाती घेतला आणि वाढवला. मुले काही आठवडे सकाळपासून संध्याकाळपर्यंत ऊर्ध्वपातन करीत, गाळीत, स्फटिक पाडीत. किती माल हाती आला, किती वाया गेला आणि एकूण खर्च किती झाला, याचा हिशेब ठेवीत. कार्ल मार्व्हल हा त्यांतलाच एक विद्यार्थी. रात्री उशिरापर्यंत प्रयोगशाळेत काम करून सकाळी उशिरा उठणारा हा मुलगा न्याहारीचे दार बंद होण्याआधी धावत सुटे, म्हणून सोबत्यांनी त्याचे नाव ‘स्पीड’ ठेवले. पुढे तो बहुवारिकांच्या रसायनशास्त्रातील मोठा माणूस झाला, तरी टोपणनाव सुटले नाही.

या उन्हाळी कामातून जे निघाले ते रसायनांपेक्षा मोठे होते. छापील कृतीप्रमाणे केले तरी पदार्थ मिळत नाही, हा अनुभव मुलांना रोज येत होता. मग त्या कृतीत काय लिहायचे राहून गेले आहे, हे शोधून ते टिपून ठेवण्याची पद्धत पडली. १९२१ मध्ये ‘ऑरगॅनिक सिंथेसिस’ या वार्षिक ग्रंथमालेचा पहिला खंड निघाला तो याच टिपणांच्या परंपरेतून. त्या मालेचा नियम आजही तोच आहे. पाठवलेली प्रत्येक कृती संपादक मंडळातील एखाद्याच्या प्रयोगशाळेत पुन्हा करून पाहिली जाते. ती तिथे साधली तरच छापली जाते, आणि करून पाहणाऱ्यांची नावे लेखकांच्या नावांखाली येतात. विज्ञानातील बहुतेक नियतकालिके लेखकाच्या शब्दावर विश्वास ठेवतात. ही माला शंभर वर्षे हातावर विश्वास ठेवत आली आहे.

या धाग्याचा विषय उत्प्रेरकांच्या साहाय्याने सेंद्रिय पदार्थ बनवण्याचे प्रात्यक्षिक शिक्षण हा आहे. इलिनॉयपासून सुरुवात करण्याचे कारण असे, की या विद्येत पुस्तक आणि हात यांमधले अंतर इतर कोणत्याही शाखेपेक्षा जास्त आहे. उत्प्रेरक म्हणजे अभिक्रिया घडवून आणणारा, पण शेवटी स्वतः शिल्लक राहणारा पदार्थ. व्याख्या एका वाक्याची आहे. बर्झेलियसने हा शब्द १८३५ मध्ये घडवला आणि शाळेतील मुलेही तो पाठ करतात. परंतु बाटलीतला उत्प्रेरक म्हणजे केवळ एक रेणुसूत्र नव्हे. तो कसा बनवला, किती धुतला, किती दिवस ठेवला, कोणत्या भांड्यात घातला, यावर तो काम करणार की नाही हे ठरते. त्यामुळे दोन प्रयोगशाळांत एकाच नावाचा उत्प्रेरक दोन स्वभावांचा निघू शकतो.

आरंभीचीच गोष्ट पाहावी. १८९६ च्या सुमारास पॅरिसमध्ये मोआसां आणि मूर यांनी तापवलेल्या निकेलसारख्या धातूंवरून ॲसिटिलीन वायू सोडला. धातू लाल झाला, कोळसा जमला, आणि बाहेर पडणारा वायू मुख्यतः हायड्रोजन असावा असे त्यांनी मानले. तुलूझमध्ये पॉल साबाटिये आणि त्यांचे सहकारी, धर्मगुरू असलेले जाँ-बाप्तिस्त सांदेरां, यांनी तसाच प्रयोग एथिलीनवर केला. मात्र बाहेर आलेला वायू त्यांनी गोळा करून तपासला, तेव्हा तो बहुतांशी एथेन निघाला. एथिलीनने निकेलच्या पृष्ठभागावर हायड्रोजन उचलला होता. १८९७ मध्ये यातून निकेलवरील हायड्रोजनीकरणाचा मार्ग उघडला. वायू नळीत पकडून मोजण्याचा कंटाळा न करणे, एवढाच दोन प्रयोगशाळांतला फरक. १९१२चे नोबेल पारितोषिक साबाटिये यांना मिळाले. सांदेरां मात्र त्या यादीत नव्हते, हे जाता जाता नोंदवून ठेवायला हरकत नाही.

हाच निकेल पुढे मुंबईत येऊन पोहोचला, तोही रसायनशाळेत नव्हे, स्वयंपाकघरात. जर्मनीच्या विल्हेल्म नॉर्मान यांनी १९०२ मध्ये पातळ तेलात निकेलच्या साहाय्याने हायड्रोजन घालून घट्ट चरबी करण्याचे एकस्व घेतले. १९३०च्या दशकाच्या आरंभी शिवडीला वनस्पती तुपाचा कारखाना उभा राहिला आणि १९३७ पासून ‘डालडा’ हे नाव घरोघरी गेले. डब्यावरचे ताडाचे झाड ज्यांना आठवते त्या पिढीने उत्प्रेरकी हायड्रोजनीकरणाचे फळ अक्षरशः खाल्ले आहे. कारखान्यात हायड्रोजन, निकेल आणि दाब हाताळणारी माणसे मुंबईत तयार झाली. महाविद्यालयाच्या टेबलापर्यंत मात्र ते ज्ञान चालत आले नाही.

ते का यायला हवे होते, हे समजण्यासाठी निकेलच्याच एका रूपाकडे नीट पाहावे. मरे रेनी या अमेरिकन अभियंत्याने १९२०च्या दशकात निकेल आणि ॲल्युमिनिअम यांचा मिश्रधातू करून त्यातील ॲल्युमिनिअम कॉस्टिक सोड्याने विरघळवून टाकले. मागे उरले ते स्पंजासारखे छिद्रमय निकेल. हे रेनी निकेल अतिशय तत्पर असते. ते द्रवाखाली ठेवावे लागते, कारण कोरडे होऊन हवेत आले की पेट घेते.

आता कृती ऐकायला सोपी आहे: मिश्रधातूची पूड अल्कलीत घाला, हायड्रोजन सुटू द्या, धुवा. विस्कॉन्सिन विद्यापीठात होमर ॲडकिन्स यांच्या गटाने मात्र ही सोपी कृती अनेक तऱ्हांनी करून पाहिली. पूड किती वेगाने घातली, अल्कली किती तापवली, किती वेळ ठेवली, धुण्यासाठी किती पाणी घेतले आणि शेवटी मद्यार्काखाली कसे साठवले, एवढेच बदलत गेले. मिळालेल्या निकेलांना त्यांनी विस्कॉन्सिनचे आद्याक्षर घेऊन डब्ल्यू-१ ते डब्ल्यू-७ अशी नावे दिली. धातू तोच, मिश्रधातू तोच, सोडाही तोच. तरी स्वभाव निराळे. डब्ल्यू-२ हा संथ आणि भरवशाचा. डब्ल्यू-६ इतका तडफदार की जास्त तापमानाला आणि दाबाखाली तो आवरेनासा होऊ शकतो, म्हणून त्याच्या कृतीला सावधगिरीची टीप जोडावी लागली. शिवाय ही तडफ साठवणीत काही दिवसांत ओसरते. पाठ्यपुस्तकात मात्र या साऱ्याच्या जागी बाणाच्या डोक्यावर दोन अक्षरे असतात: निकेलचे चिन्ह. विद्यार्थी ती दोन अक्षरे लिहितो, पूर्ण गुण मिळवतो, आणि आपल्याला हायड्रोजनीकरण येते असे समजतो.

इलिनॉयमध्येही हेच घडले, फक्त धातू प्लॅटिनम होता. १९२२ मध्ये ॲडम्स आणि व्होरहीस यांनी प्लॅटिनमचा एक क्षार सोडियम नायट्रेटबरोबर वितळवून तपकिरी प्लॅटिनम ऑक्साइड बनवण्याची कृती प्रसिद्ध केली. हाच पुढे ‘ॲडम्सचा उत्प्रेरक’ म्हणून रूढ झाला. त्यांच्याच प्रयोगशाळेत वॉलेस कॅरोथर्स नावाचा एक विद्यार्थी या उत्प्रेरकाने ॲल्डिहाइडांचे क्षपण करीत होता. उत्प्रेरकात लोखंडाच्या क्षाराचा अगदी थोडा अंश मिसळला की अभिक्रिया वेग घेते, असे त्या कामात दिसून आले. शुद्धता म्हणजे चांगुलपणा ही प्रत्येक नवशिक्या रसायनज्ञाची श्रद्धा इथे टिकत नाही. उत्प्रेरकाला कधी मळ मारतो, तर कधी मळच जागा करतो. कॅरोथर्स यांनी पुढे नायलॉन शोधला, आणि त्यातील एक मूळ घटक, डायअमीन, उत्प्रेरकावरील हायड्रोजनीकरणानेच कारखान्यात बनू लागला. ‘उन्हाळी रसायने’ करणाऱ्या विद्यापीठातून असा माणूस निघावा, हा निव्वळ योगायोग मानणे कठीण आहे.

मळाची आणखी एक गोष्ट जर्मनीतल्या म्युलहाइमची. १९५०च्या दशकाच्या आरंभी कार्ल त्सीग्लर यांच्या संस्थेत एका विद्यार्थ्याच्या पोलादी दाबपात्रात एथिलीनच्या लांब साखळ्या होण्याऐवजी सारे ब्यूटीनवरच थांबले. प्रयोग फसला म्हणून तो सोडून देता आला असता. शोध घेतला तेव्हा पात्रात उरलेला निकेलचा अंश दोषी निघाला. निकेल असे करते, तर इतर धातू काय करतील, या प्रश्नातून टायटेनिअमचे उत्प्रेरक आणि कमी दाबाचे पॉलिएथिलीन जन्माला आले. १९६३चे नोबेलही आले. याच्या उलट गोष्ट एकविसाव्या शतकातली. २००३ मध्ये सुझुकी जोडणी ही पॅलेडियमवर चालणारी अभिक्रिया कोणत्याही धातूविना घडते असे एका गटाने जाहीर केले. दोन वर्षांनी त्याच गटाने प्रामाणिकपणे सांगितले, की वापरलेल्या सोडियम कार्बोनेटमध्ये अब्जावधीत ५० भाग इतके पॅलेडियम होते आणि काम तेच करीत होते. दोन्ही प्रसंगी लागली ती एक सवय: भांड्यावर, बाटलीवर, पाण्यावर संशय घेण्याची. ती सवय व्याख्यानातून लागत नाही.

इथवरचा इतिहास कुतूहलाचा वाटेल. पण त्याची किंमत कुणीतरी मोजत असते, आणि ते पाहण्यासाठी राजस्थानात उदयपूरजवळच्या बिछडी या गावात जावे लागते. १९८०च्या दशकाच्या अखेरीस तिथे एच-ॲसिड हे रंगनिर्मितीतील मध्यवर्ती रसायन बनवले गेले. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६च्या निकालात नोंदलेले आकडे असे: सुमारे ३७५ टन एच-ॲसिड, आणि त्यामागे सुमारे २४४० टन गाळ. म्हणजे मालाच्या सहापटीहून अधिक. त्या गाळात लोखंडाचा आणि जिप्समचा असे दोन्ही प्रकार होते. पावसाबरोबर विष जमिनीत मुरले, विहिरींचे पाणी काळवंडले, ते माणसांच्या, गुरांच्या आणि शेतीच्याही कामाचे राहिले नाही. प्रदूषण करणाऱ्यानेच भरपाई करावी हे तत्त्व भारतीय कायद्यात घट्ट रोवणारा तो निकाल म्हणून वकील त्याचा अभ्यास करतात. रसायनशास्त्राच्या वर्गातही तो वाचला जायला हवा, कारण त्या गाळातील लोखंड कुठून आले, हा प्रश्न शुद्ध रसायनशास्त्राचा आहे.

ते आले एका जुन्या कृतीतून. १८५४ मध्ये बेशां या फ्रेंच रसायनज्ञाने नायट्रो संयुगापासून अमीन बनवण्यासाठी लोखंडाचा चुरा आणि आम्ल वापरले. त्याच्या आधाराने ॲनिलिनचा आणि पुढे कृत्रिम रंगांचा सारा उद्योग उभा राहिला. कृती झकास आहे, फक्त तिचा हिशेब पाहावा. समीकरणानुसार १ किलो ॲनिलिनमागे सुमारे १.९ किलो लोहाचे ऑक्साइड तयार होते. हेच काम उत्प्रेरकावर हायड्रोजनने केले तर १ किलो ॲनिलिनमागे तयार होते ते सुमारे ४०० ग्रॅम पाणी. न्याय करायचा तर हेही सांगितले पाहिजे, की बिछडीतील जिप्सम आणि आम्ल यांना उत्प्रेरकाने आळा बसला नसता. ते त्या प्रक्रियेच्या इतर पायऱ्यांतून आले. पण लोखंडाचा वाटा टाळता येण्याजोगा होता. त्या काळापर्यंत नायट्रो गटाचे उत्प्रेरकी क्षपण जगभर रुळलेले होते.

मग लहान कारखानदार लोखंडाच्या चुऱ्याला का चिकटून राहतो? केवळ लोभ हे उत्तर अपुरे आहे. लोखंडाचा कीस स्वस्त मिळतो, उघड्या भांड्यात ढवळता येतो, आणि बिघडले तर आणखी एक घमेले टाकता येते. हायड्रोजनला दाबपात्र लागते, गळती ओळखणारे नाक आणि कान लागतात, ठिणगीची भीती अंगी मुरलेली असावी लागते. शिवाय रंगांच्या मध्यवर्ती रसायनांत गंधकाचे अंश असतात आणि गंधक हा निकेल-पॅलेडियमचा जुना वैरी आहे. उत्प्रेरक विषबाधेने मेला, की तो का मेला हे सांगणारा माणूस कारखान्यात हवा. तसा माणूस नसेल, तर मालक पुन्हा किसाकडे वळतो. तंत्रज्ञान विकत मिळते. निदान करणारा रसायनज्ञ मात्र कुठेतरी घडलेला असावा लागतो.

तो आपल्याकडे घडला नाही असे मुळीच नाही. मुंबईत १९३३ मध्ये स्थापन झालेला विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग आणि पुण्यात १९५० मध्ये उघडलेली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा यांनी या क्षेत्रात दर्जेदार माणसे दिली. पुण्यातले झिओलाइट उत्प्रेरक तर कारखान्यांपर्यंत पोहोचले. १९७०च्या एकस्व कायद्याने औषधांच्या बाबतीत पदार्थाऐवजी केवळ प्रक्रियेला संरक्षण ठेवले, तेव्हा त्याच औषधाकडे जाणारी नवी वाट शोधण्याचे कसब या देशातील रसायनज्ञांनी कमावले आणि त्यावर एक मोठा उद्योग उभा राहिला. शिखर आहे, उणीव आहे ती पायथ्याशी. दरवर्षी रसायनशास्त्राची पदवी घेऊन औद्योगिक वसाहतींच्या दारात उभी राहणारी बहुसंख्य मुले त्या शिखराजवळूनही गेलेली नसतात.

त्यांनी महाविद्यालयात काय केलेले असते? क्षारांचे पृथक्करण, अनोळखी सेंद्रिय पदार्थाची ओळख, ॲसिटॅनिलाइडचे नायट्रीकरण किंवा ब्रोमिनीकरण, आणि नायट्रो संयुगाचे क्षपण करायचेच झाले तर कथील आणि हायड्रोक्लोरिक आम्ल. म्हणजे बेशांच्याच घराण्यातील कृती. धातू भरपूर घाला, तो खर्ची पडू द्या, उरलेला चिखल बेसिनमध्ये ओता. पदवीपर्यंत विद्यार्थ्याच्या हाताला एकच वळण लागते, आणि ते वळण गाळ निर्माण करणारे असते. हरित रसायनशास्त्राची बारा तत्त्वे तो परीक्षेत लिहितो. त्यांतले नववे तत्त्व, भरपूर अभिकर्मकापेक्षा थोडासा उत्प्रेरक बरा, हे तर तोंडपाठ असते. टेबलावर मात्र तो नेमके त्याच्या उलट करीत असतो.

यावर नेहमी दोन हरकती येतात: पॅलेडियम महाग आहे आणि हायड्रोजन धोक्याचा आहे. दोन्ही खऱ्या आहेत आणि दोन्हींना उत्तर आहे. हायड्रोजनची टाकी न आणताही हायड्रोजनीकरण शिकवता येते. अमोनियम फॉर्मेट हा साधा क्षार पॅलेडियम-कार्बनच्या सान्निध्यात आपला हायड्रोजन देऊन टाकतो. मिथेनॉलमध्ये, दाबाशिवाय, सामान्य चंचुपात्रात नायट्रो संयुगाचे अमीन होते. ही पद्धत १९८०च्या दशकापासून जगभरच्या प्रयोगशाळांत वापरात आहे. किमतीचे म्हणाल तर दहा टक्क्यांच्या १०० मिलिग्रॅम पॅलेडियम-कार्बनमध्ये प्रत्यक्ष पॅलेडियम १० मिलिग्रॅमच असते, आणि ते गाळून परत मिळते. कथिलासारखे ते गटारात जात नाही.

धोका उरतो तो मुख्यतः एका जागी, आणि तिथेच शिकण्यासारखे सर्वाधिक आहे. कोरड्या पॅलेडियम-कार्बनवर हवेत मिथेनॉल ओतले तर ते पेटू शकते. म्हणून आधी पात्रातील हवा नायट्रोजनने घालवावी, उत्प्रेरक पाण्याने भिजवावा, मगच द्रावक घालावा. अभिक्रिया संपल्यावर गाळणीवरची काळी राबडी शोषून कोरडी करण्याचा मोह आवरावा. तिच्यावर पाण्याचा थर कायम असावा. गाळणीचा कागद कचऱ्याच्या टोपलीत टाकला तर काही वेळाने टोपलीतून धूर निघू शकतो. ही सूचना फळ्यावर लिहून दिली तर विसरली जाते. शिक्षक शेजारी उभा असताना एकदा हाताने पाळली तर जन्मभर राहते. हायड्रोजनीकरणाच्या विभागात पहिल्या दिवशी उभ्या राहणाऱ्या मुला-मुलींच्या बाबतीत प्रश्न गुणांपुरता राहत नाही.

वीस विद्यार्थ्यांच्या वर्गासाठी तालिका अशी करता येईल. पाच गट, प्रत्येकात चार जण. पहिल्या गटाने नवा उत्प्रेरक वापरावा, गाळून धुवावा आणि ओलाच पुढच्या गटाला द्यावा. दुसऱ्या गटाने तोच वापरून किती मिनिटांत सुरुवातीचा पदार्थ संपतो, हे पातळ थराच्या पट्टीवर पाहावे. असे करत पाचव्यापर्यंत जावे. एका गटाच्या मिश्रणात शिक्षकाने कुणालाही न सांगता गंधकयुक्त पदार्थाचा कण टाकून ठेवावा. त्या गटापासून पुढे अभिक्रिया मंदावेल किंवा थांबेल. गुण उत्पन्नाच्या टक्केवारीला देऊ नयेत. उत्प्रेरक कुठे आणि कशामुळे थकला, याचा तर्क जो लिहील त्याला द्यावेत. त्यासाठी प्रयोगवहीत निष्कर्षाखाली सध्या जी दीड ओळ सोडलेली असते, तिथे निदान अर्धे पान कोरे ठेवावे लागेल.